पितळी

दहावीच्या फॉर्मवर आडनावाचा रकाना
मी कोरा ठेवला, तेव्हा वाघचौडे बाईंनी
चष्म्यावरून बघत विचारलं,
'तू येऊरची ना? त्या सामायिकांपैकी?'
मागच्या बाकांवर खसखस पिकली.

हो, सामायिक.
एक चूल, एक मोरी, चौदा ताटं,
पैशांचा एकच डबा, बिस्किटांचा, चेपलेला.
लागेल तेवढं घ्यायचं, वहीत लिहायचं.
माझं नावही मतांनी ठरलं: उदिता,
सात विरुद्ध पाच.
पाचांना काय हवं होतं, कुणी सांगत नाही.
आईला आई म्हणायचं नाही,
हा ठराव माझ्या जन्माआधीचा.
मी तिला विभा म्हणते.
ताप चढला की जीभ घसरते.

यंदा सातच उरलो.
भात पाखरांनी खाल्ला, मधमाश्या पेट्या सोडून गेल्या,
वायरमन आला, संकोचाने पाणी प्यायला
आणि खांबावरून आमची वायर उतरवून गेला.
आता मी कंदिलात भूमिती करते
आणि खाली घोडबंदरचे टॉवर
रात्रभर उतू जातात.

सुलूताई मानपाड्याला गेली, लेकाच्या वन बीएचकेत.
माणसांच्या पाया पडणं तत्त्वात बसेना,
म्हणून निघताना बकरीच्या पाया पडली.
मग माझ्या कानात म्हणाली,
'मी शकूला मत दिलं होतं.'
बस वळेपर्यंत मी शकू होऊन उभी राहिले.

त्याच आठवड्यात डब्यातून एकशे चाळीस रुपये गेले.
वहीत नोंद नाही.
सभा बसली. आरोप म्हणजे हिंसा,
तेव्हा कुणी कुणाला विचारायचं नाही;
ज्याने त्याने आपल्या मनात बघायचं.
बघता बघता अकरा वाजले.
दत्तारामकाका म्हणाले,
'मीच घेतले असतील. हल्ली राहत नाही लक्षात.'
आणि रडायलाच लागले.
मी चटईची एक काडी
शेवटपर्यंत उसवली.

जांभळी नाक्यावर दुकानदाराने विचारलं होतं,
'दाराला हवंय की ट्रंकेला?'
मी म्हणाले, 'मला.'

आमच्याकडे 'माझं' फार थोड्याला चालतं.
माझं डोकं दुखतंय.
माझी पाळी, दोन्ही अर्थांनी.
बाकी सगळं आपलं: चादरी, चपला,
माझी पत्रंसुद्धा जेवताना मोठ्याने वाचलेली.
म्हणून ही ट्रंक, खाटेखाली,
किल्ली गळ्यात काळ्या दोऱ्याला.
आत काही नाही.
रात्री उघडून मी हात फिरवते,
पत्रा गार लागतो,
परत लावून टाकते.

मग विभाच्या केरसुणीला कुलूप लागलं.
खट्.
ती थांबली. पुन्हा एकदा मारून बघितलं, खट्,
आणि पुढचा केर काढत गेली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला माझ्या खाटेवर येऊन बसली,
मांडीवर दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली सुरळी.
'जागा आहे?'
रसायनशास्त्र, पहिला वर्ग, विद्यापीठाचा शिक्का.
दर वर्धापनदिनी ऐकलेली गोष्ट:
सगळ्यांनी अंगणात आपापल्या पदव्या जाळल्या,
शिक्क्याची शाई निळी जळाली,
राख केळीला घातली.
'पण ही तर तू...'
'झेरॉक्स होती,' विभा म्हणाली,
आणि कंदिलाची वात खाली केली.

किती वेळ आम्ही तशाच.
बाहेर बकरी कशावर तरी शिंकली.
मी किल्ली काढली तेव्हा दोरा केसांत अडकला,
तो सोडवताना तिने विचारलं नाही,
मी म्हणाले नाही, आई.
म्हणजे म्हणाले. पण ताप नव्हता.

पहाटे वहीत लिहिलं:
कुलूप, एकशे चाळीस. उदिता.
दत्तारामकाकांनी चष्मा पुसून
बोट ठेवून ते दोनदा वाचलं.
मी हंड्याशी उभी, पाणी वाहून चाललेलं.
'पितळी आहे का?' त्यांनी विचारलं.
म्हटलं, हो.
'मग ठीक.'